भरल्या हत्तीच्या दिव्यांची मोहीम

वाचणारे जाणते, ऐकणारे त्याहून जाणते, तरी घडले ते घडल्यासारखे लिहून ठेवावे, म्हणजे उद्या सूनबाईंच्या दिरांनी पाहुण्यांत बसून पदरचे चार पराक्रम जोडिले तर ताळा पाहावयास जागा राहील, या हेतूने हा मजकूर मांडिला आहे.

मोहिमेचे मूळ एका इशाऱ्यात. सूनबाई नवी नवरी होऊन घरात दाखल जाहल्या, अंगावरची हळद अजून उतरली नव्हती, ते समयी नवऱ्याच्या आत्याबाई, शाळेतील कवायतीच्या निवृत्त बाई, शरीराने वेताची छडी आणि आवाजाने नगारा, त्यांनी सूनबाईंस उंबऱ्याशी गाठून बजाविले की, "रात्रीच्या गाडीवरचा नवरा केलायस, तर डबा मागून भर, आधी गाडीचे दिवे बघत जा. आणि आतून नाही बघायचे, समोर उभं राहून बघायचे." सूनबाई पदवीधर, प्रकाशाच्या धड्यात वर्गात पहिल्या, त्यांनी "हो आत्या, बघते हं" म्हणोन जबाब दिला. सासरच्या माणसास सुनेने दिलेल्या "हो हं"चा अर्थ काय, हे जाणत्यांस सांगणे नलगे. इशारा पायपुसण्यावर पडला, त्यावरून सर्वांचे जाणे येणे सुरू राहिले.

आता राज्याचे वर्तमान. घरामागे रोपवाटिका, तीत गुलाबांच्या पलटणी, जास्वंदीचे रिसाले, वेलींची चपळ फौज जी संधी सापडताच शेजाऱ्याच्या मुलखात घुसे, आणि या सर्वांवर हुकमत पतिराजांची, ज्यांस सर्व लोक रोपवाले म्हणत. रोपवाल्यांचे घराण्याचा कायदा ऐसा की माल सूर्य मावळल्यावाचून हलवू नये. दिवसा उघड्या हौद्यातून रोप नेले तर वरून ऊन भाजते, समोरून वारा सोलतो, आणि गिऱ्हाइकाचे दारी बाग उतरावी तेथे सरपण उतरते. दुसरा कायदा, निघण्यापूर्वी कुल कुंड्यांस पोटभर पाणी. तिसरा, भरलेली कुंडी एकदाच उचलावी आणि एकदाच ठेवावी, दोनदा हलविली की कळी रुसते. हे कायदे पाळून रोपवाले तिन्हीसांजेस आपल्या पांढऱ्या पिकपवर स्वार होत. त्या पिकपचे नाव हत्ती. कारण माल भरला की ती मागचे पाय मुडपून बसे आणि नाक आभाळाकडे करी. ही गोष्ट सर्वांचे तोंडी रोज असून ध्यानी कोणाचेच नव्हती, हे पुढे कळून येईल.

हत्तीस वय जाहले होते. दिव्यांच्या काचांवर मोतीबिंदू चढला होता, उजेड पडे तो शिळ्या चहाचे रंगाचा, आणि तोही रस्त्यावर कमी व बंपरवर जास्त. एके दिवशी रोपवाले जेवावयास बसले आणि हसत हसत बोलिले की, "काल मजाच झाली. वळणावर कुणीतरी ट्रॉली उभी करून ठेवलेली, ना दिवा ना लाल पट्टी. ब्रेक दाबला तर सगळी जास्वंद केबिनवर चढून बसली." दीर हसले, सासूबाईंनी "नुकसान किती झालं" म्हणोन विचारिले, आणि छोट्या बाईसाहेब, ज्या नुकत्याच बसावयास लागल्या होत्या आणि बसल्या जागी कलंडत, त्याही इतर हसतात म्हणोन हसल्या. सूनबाई हसल्या नाहीत. त्यांनी विचारिले, "ट्रॉलीपासून किती लांब थांबलात?" रोपवाल्यांनी भाकरीचा घास मोडला आणि हाताने अंतर दाखविले. ते अंतर ताटाहून मोठे नव्हते.

त्या दिवसापासून सूनबाईंचा मनसुबा ठरला की हत्तीस नवे डोळे दिल्यावाचून स्वस्थ बसणे नाही.

मग स्वयंपाकघरात दरबार भरला. मसलतीस दीर हजर, नोकरी संगणकाची आणि छंद सल्ल्याचा, आणि खास पाचारण करोन आणिलेले वायरमन, ज्यांस लोक झगमग म्हणत, कारण त्यांनी एकदा एका दुकानाची पाटी ऐसी उजळिली होती की समोरच्या घरातील लोक काळा चष्मा लावून टीव्ही पाहत. सूनबाईंनी छोट्या बाईसाहेबांस दूध पाजता पाजता एका हाताने मोबाइलवर दिव्यांचे कुल शास्त्र वाचोन ठेविले होते. लांबवर भाल्यासारखा जाणारा दिवा वेगळा, झाडूसारखा पसरून कडेची माती दाखविणारा वेगळा, आणि धुक्यात चालणारा पिवळा, खाली बसविण्याचा, तो आणखी वेगळा. उजेडाचे माप लुमेन म्हणजे फौजेची मुंडकी, परंतु फौज उभी कोठे करावी हे लुमेन सांगत नाही. हे सर्व त्या दरबारात मांडणार, तोच छोट्या बाईसाहेबांनी गळा काढिला, आणि त्यांचे लंगोट बदलोन सूनबाई परत येतात तो निर्णय जाहला होता.

निर्णय ऐसा की हत्तीच्या टपावर हातभर नव्हे, पुरते दोन हात रुंद असा एकच लांब पांढरा दिवा चढवावा. दिरांनी फर्माविले, "वहिनी, काळजीच सोडा, व्हिडिओत पाहिलंय, समोरचा डोंगर दिसतो."

"आपल्याला डोंगर नको आहे, भाऊजी. ट्रॉली दिसली पाहिजे."

"डोंगर दिसेल तर ट्रॉली नाही दिसणार?"

हा युक्तिवाद वरकरणी बिनतोड होता. झगमग यांनी मान डोलाविली, रोपवाल्यांनीही डोलाविली, कारण त्यांस भांडणापेक्षा वेल सरळ बांधणे सोपे वाटे. आणि सूनबाई चूप राहिल्या, परंतु त्यांचे चूप राहणे हे तहाचे नव्हते, वेढ्याचे होते.

पहिली स्वारी निघाली ती मोठ्या थाटाची. टपावर दिवा चढला, बटण दाबले, आणि गल्लीत दिवस उगवला. कोंबडा कोणाकडे नव्हता म्हणोन आरवला नाही. कुत्री पलंगाखाली गेली. सासूबाईंनी दारातून पाहिले व म्हणाल्या, "मला तर शेवग्यावरच्या मुंग्या दिसतात." रोपवाले कौतुकाने निघाले आणि गल्लीच्या तोंडाशी जातात न जातात तो विपरीत जाहले. टपावरचा उजेड पांढऱ्या बॉनेटवर आपटोन उलटा त्यांच्याच डोळ्यांत शिरला, त्यांस ना डोंगर दिसे ना ट्रॉली, आणि समोरून आत्याबाई आपल्या निळ्या स्कूटरवर बसोन येत होत्या, त्यांस तर काहीच दिसेना. त्यांनी कवायतीच्या शिस्तीने डावीकडे वळण घेतले आणि थेट कुंपणाच्या मेंदीत जाऊन मुक्काम केला.

रोपवाले धावले, सूनबाई छोट्या बाईसाहेबांस कडेवर घेऊन धावल्या, दीर दिवा विझवावयास धावले आणि वायपर लावून आले. मेंदीतून पहिला आवाज शिटीचा आला, कारण आत्याबाईंचे गळ्यात निवृत्तीनंतरही शिटी असे. मग आत्याबाई निघाल्या, केसांत पाने, कोपर खरचटलेले, स्कूटरचा आरसा हातात.

"गाडीला दिवे लावलेत का सूर्य भाड्यानं आणलाय?"

रोपवाल्यांनी कान धरिले. दिरांनी विनंती केली की, "आत्या, तुम्ही खाली बघायचं होतं ना." त्यावर आत्याबाईंनी दिरांकडे ज्या नजरेने पाहिले, तीत इयत्ता सहावी, तुकडी ब, उन्हात उभी असलेली सर्वांस दिसली.

आत्याबाई हसोन घरी गेल्या. परंतु सूनबाईंनी नजर ठेविली. त्यानंतर आत्याबाई रोज येत, बाळाचे पाय चोळीत, चहा घेत, आणि ऊन कलले की उठत. पूर्वी अंधार पडेपर्यंत हलत नसत. पुसले तर म्हणत, "झाडांना पाणी घालायचंय." आत्याबाईंचे घरी झाड एकच, आणि ते निवडुंग. तेव्हा सूनबाईंस उमजले की वेताच्या छडीस भय पडले आहे, आणि ते भय आपल्या घराच्या दिव्याने घातले आहे. आपल्या माणसास वाट दिसावी म्हणोन दुसऱ्याचे माणूस मेंदीत घालावे, हे कोणते शास्त्र? समोर उभे राहोन पाहा, हा इशारा पायपुसण्यावरून उचलोन त्यांनी झटकिला आणि कपाळी लाविला.

मग दुसरी स्वारी, खुद्द सूनबाईंचे सरदारीखाली. टपावरचा सूर्य उतरविला, तो दिरांस बक्षीस दिला. हत्तीच्या बंपरखाली दोन पिवळे पसरट दिवे, कडेची माती, गटाराची कड, उभी ट्रॉली दाखविणारे. बंपरवर दोन गोल लांब पल्ल्याचे, परंतु अट ऐसी की समोरून कोणी आले आणि डिपर मारला की दोन्ही गोल दिवे आपोआप विझावे, त्यांस वेगळे मत असू नये. झगमग म्हणाले, "वहिनी, असं कुणी करत नाही."

"मग आपण करू. वायर पुरेल ना?"

वायर पुरली. झगमग यांनी हत्तीस गल्लीकडे तोंड करोन फाटकात उभा केला, गल्लीच्या टोकाला गोदामाची लांब भिंत, तीवर खडूने रेघ मारिली, आणि दिवे रेघेखाली तंतोतंत बसविले. सूनबाई समोर जाऊन उभ्या राहिल्या, डोळे दिपले नाहीत. सर्व म्हणाले फत्ते जाहली.

त्याच सांजेस रोपवाले भरल्या हत्तीवर निघाले. सूनबाई माडीवर छोट्या बाईसाहेबांस निजवीत होत्या, आणि छोट्या बाईसाहेबांनी निजावयाचे सोडोन छताकडे दोन्ही हात केले आणि खदखदा हसल्या. छतावर पिवळा उजेड पळत होता. हत्ती मागच्या रोपवाटिकेतून फाटकाकडे वळताना त्याचे दिवे माडीच्या छतावर! सूनबाई खिडकीशी गेल्या. पुढे गल्लीत उजेड झाडांच्या शेंड्यांवर चालला होता, घरट्यातले पक्षी उठत होते, आणि रस्ता बिचारा खाली अंधारात. त्यांनी लागलाच फोन उचलिला आणि ठेविला, कारण गाडी चालविणाऱ्यास फोन करणे हा त्यांचे राज्यात गुन्हा होता. मग त्यांनी येरझारा घातल्या, आणि छोट्या बाईसाहेबांनी छतावरचा उजेड परत मागितला, तो देता येईना.

रोपवाले हळूहळू हाकीत सुखरूप परत आले. रिकामा हत्ती गल्लीत शिरला तेव्हा दिवे शहाण्यासारखे रस्त्यावर, फाटकाच्या पायाशी. सूनबाई जिन्यातच थांबल्या. जाताना छतावर, येताना फाटकाशी. दिवे तेच, वायरमन तोच. मग बदलले काय? आणि त्यांचे मुखातून आपसूक निघाले की, "हत्ती बसतो."

रोपवाले चपला काढीत म्हणाले, "बसतोच. म्हणून तर हत्ती."

"अहो, बसला की नाक वर करतो. आणि दिवे नाकावरच लावलेत आपण."

रोपवाले एक चप्पल हातात तैसीच घेऊन हत्तीकडे वळले. रोज स्वतः माल भरणारा हा पुरुष, दिवे बसविले तेव्हा हत्ती रिकामा होता हे त्याचेही ध्यानी आले नव्हते.

आता दुसऱ्या दिवशी बाका प्रसंग आला तो ऐका. परवा दूरच्या बागेची मोठी मागणी जावयाची, रस्ता सगळा वळणांचा. आणि झगमग उद्या सकाळी सासुरवाडीस कूच करणार, ते केव्हा परततील हे त्यांस नव्हे, त्यांच्या बायकोसच ठाऊक. म्हणजे दिवे बसवावयाचे ते आजच सांजेस, आणि भरल्या हत्तीवर. परंतु कुंड्या दोनदा उचलणे कायद्यास मंजूर नाही, कळी रुसते. खताची गोणी एक शिल्लक नाही. दिरांनी सल्ला दिला, "विटा भाड्यानं मिळतात का बघू." आत्याबाई बाळाचे पाय चोळीत बसल्या होत्या. त्यांनी मान वर न करता विचारिले, "माणसं चालतील?"

आत्याबाईंचे पदरी निवृत्त स्त्रियांचे व्यायाम मंडळ होते, रोज पहाटे मैदानावर हात वर, हात खाली करणारे. शिटी वाजली. आणि अर्धा चहा टाकून, गुडघ्यांवर पट्टे बांधून, कोणी विणकाम काखोटीस मारून, कोणी नातवास शेजारी देऊन, कुल मंडळ पांढऱ्या बुटांनिशी फाटकावर येऊन पावले. मंडळाच्या खजिनदार बाईंनी विचारिले, "करायचं काय आहे?"

आत्याबाईंनी हुकूम दिला, "बसायचं आहे."

"एवढंच? मग सतरंजी आणायची होती."

परंतु भार बरोबर जाहला हे कळावे कैसे? वजन पुसणे म्हणजे फौजेत बंड. येथे सूनबाईंनी जी तजवीज केली, ती लिहिताना लेखणीसही हसू येते. आदल्या सांजेस हत्ती भरून उभा असता त्यांच्या हाती छोट्या बाईसाहेबांची दुधाची बाटली होती, ती त्यांनी दोन्ही हात मोकळे करावयास मागच्या टायरवर उभी ठेविली होती, आणि बूच चाकावरच्या पत्र्यास नेमके टेकले होते. ही गोष्ट त्यांस याद होती, कारण बाटली निघेना आणि छोट्या बाईसाहेबांनी आकांत मांडिला होता. रिकाम्या हत्तीखाली तीच बाटली आता ऐसपैस उभी राहिली. मग ठराव जाहला की बूच पत्र्यास टेके तोवर बाया चढवाव्या.

एकेक बाई उलट्या क्रेटांवर बसू लागली. खजिनदार बाई चढल्या, हत्ती किंचित दबला, "माझ्यामुळे नाही हं" म्हणाल्या. दुसऱ्या चढल्या, तिसऱ्या चढल्या, विणकामवाल्या चढल्या आणि सुई कोणास तरी लागली. दीर चढले. आत्याबाई चढल्या, हत्तीस कळलेही नाही. सूनबाई टायरशी उकिडव्या बसोन वर्तमान देत होत्या की अजून फट आहे. मग आत्याबाईंस आठवण जाहली की कुंड्या पाणी पिऊन निघतात, तेव्हा त्यांनी शिटी वाजवून फर्माविले की प्रत्येकीने तांब्याभर पाणी प्यावे. सर्वजणी प्यायल्या. शास्त्राने यात किती फरक पडिला हे सांगता येत नाही, परंतु फौजेत उत्साह फार वाढला आणि पुढे घाईही.

तरी बोटभर फट उरलीच. आता बाहेर उरले कोण? झगमग, ते पान्हा धरून. रोपवाले, ते स्टिअरिंगशी. सूनबाई, त्या छोट्या बाईसाहेबांस कडेवर घेऊन बाटलीशी. आणि दारात उभ्या सासूबाई, ज्यांचे वजन हे राज्यातील सर्वांत गुप्त ठेविलेले वर्तमान होते, जे डॉक्टरांसही कानात सांगितले जाई.

सर्वांनी दुसरीकडे पाहिले, म्हणजेच एकीकडे पाहिले.

सासूबाई म्हणाल्या, "मला गॅसवर दूध आहे."

"मी बंद केलं," सूनबाई म्हणाल्या.

सासूबाईंनी सुनेकडे पाहिले. सूनबाईंनी अगदी हळू सांगितले, "आई, त्या ट्रॉलीपासून ते ताटाएवढ्या अंतरावर थांबले होते."

सासूबाईंनी पदर खोचला. रोपवाल्यांनी स्टूल धरिले, दिरांनी हात दिला, मंडळाने "हं, हळू" म्हटले, आणि त्या माउलीने हौद्यात पाय ठेविला. हत्ती बसला. बूच पत्र्यास टेकले, टक् असा नाद जाहला, आणि सूनबाईंनी हात वर केला. मंडळाने ऐशा टाळ्या पिटिल्या की गोदामाचा पहारेकरी बाहेर आला आणि इतक्या बाया टेम्पोत बसोन कोठेच जात नाहीत हे पाहोन आत गेला.

अंधार पडला. झगमग यांनी दिवे लाविले, ते गोदामाच्या छपरावर जाऊन बसले होते. पान्हा फिरला, उजेड एकेक वीट खाली उतरला, खडूच्या रेघेखाली आला आणि तेथे बसला. पिवळ्या दिव्यांनी गटाराच्या दोन्ही कडा, एक हरवलेला चेंडू आणि मेंदीस पडलेले भगदाडही दाखविले. कोणी तरी म्हणाले, छान दिसतंय. सूनबाई म्हणाल्या, "समोरून बघायचं राहिलंय."

हे बोलोन त्या स्वतः निघणार, तो आत्याबाई हौद्यातून उतरल्या. "बाजूला हो. मेंदीत मी गेले होते."

"आत्या, मी जाते चालत."

"चालणाऱ्याचं वेगळं असतं. तू माझ्या जागी बस. बाळाला घेऊन बसलीस तर भार बरोबर होईल."

सूनबाई छोट्या बाईसाहेबांस घेऊन बाटलीचा हिशेब पाहोन क्रेटावर बसल्या. आत्याबाईंनी स्कूटर काढिली, तिचा आरसा अजून चिकटपट्टीने बांधलेला, आणि दुसऱ्या वाटेने वळसा घालून त्या गोदामाच्या कोपऱ्यापलीकडे गेल्या. सूनबाईंच्या छातीत जे वाजत होते ते छोट्या बाईसाहेबांस ऐकू गेले असावे, त्यांनी कान लावून ठेविला होता.

कोपऱ्यावर एक दिवा वळला. रोपवाल्यांनी डिपर मारिला. गोल दिवे दोन्ही एकदम विझले, हुकूम पाळणाऱ्या शिपायांसारखे, आणि खालच्या पिवळ्या उजेडात निळी स्कूटर येताना दिसली, ना वाकडी, ना दबकत, मेंदीच्या भगदाडापाशी तर मुद्दाम मधून. हत्तीच्या सोंडेशी येऊन आत्याबाई थांबल्या. डोळे उघडे होते, पुरते उघडे.

"काय दिसलं, आत्या?" रोपवाल्यांनी विचारिले.

"तू दिसलास. दाढी कर."

येणेप्रमाणे हत्तीचे दिवे भरल्या पोटी, मंडळाच्या भाराने, दुधाच्या बाटलीच्या साक्षीने सर जाहले. झगमग यांनी पेच आवळिले आणि सासुरवाडीस गेले. सासूबाई उतरल्या आणि त्यांनी जाहीर केले की फट त्यांच्यामुळे नव्हे, पाण्यामुळे भरली, हे दप्तरी तैसेच नोंदावे, तैसे नोंदिले आहे. दिरांनी टपावरचा सूर्य आपल्या खोलीत लाविला आणि पडदे घेतले. तिसऱ्या दिवशी मोठी मागणी वळणांच्या रस्त्याने गेली, आणि रोपवाले परतोन बोलिले की वाटेत बिनदिव्याची ट्रॉली होती, फार लांबून दिसली, मी थांबून तिच्या मागे दगडावर पांढरा रुमाल ठेवून आलो. अंतर त्यांस हाताने दाखविता आले नाही, म्हणोन त्यांनी खिडकीबाहेर गल्लीच्या टोकाकडे बोट केले. फत्ते ती हीच.

आता एकच गोष्ट उरली, ती सूनबाईंची वाचणाऱ्यास विनंती. आत्याबाई पुनः अंधार पडेपर्यंत बसू लागल्या आहेत. आजही चहा पिऊन, बाळाचा पापा घेऊन, आत्ताच निघाल्या. हत्तीचे दिवे त्यांस त्रास देणार नाहीत याची सूनबाईंस खात्री आहे, परंतु रस्त्यावर हत्ती एकटाच थोडा आहे, आणि आत्याबाईंस पोहोचल्यावर फोन करण्याची सवय नाही, त्या म्हणतात पोहोचले नाही तर कळेलच की. तरी ज्याचे घर रस्त्यालगत असेल, त्याने कृपा करोन जरा खिडकी उघडून पाहावे. निळी स्कूटर, आरसा चिकटपट्टीचा, गळ्यात शिटी. गेली का?